एकेचाळीस नंबरची दोरी

शनिवार, १९ जुलै

कॅम्पवर पोचलो. पाऊस नाही, डास आहेत. एकेचाळीस नंबरची जागा होती तिथेच आहे, दोन्ही पाइन उभे आहेत, तळंही कुणी पळवलेलं नाही. एवढं लिहून दरवर्षी मी पहिल्या दिवसाची नोंद मिटवतो आणि बीअर उघडतो. यंदा बीअर आधीच उघडली आहे आणि नोंद लांबणार आहे.

कॅरव्हॅनच्या चाकांखाली ठोकळे सारत होतो तेवढ्यात जिस्लेन म्हणाली, "आधी दोरी बांध."

म्हटलं, "अगं, नळ जोडू दे, गॅस लावू दे, मग—"

"दोरी, नॉर्मां."

घरापासून इथवर सगळ्या रस्त्यात बाई खिडकीबाहेर बघत बसली होती. आता तोंड उघडलंय तर मोडता कशाला घाला? बांधली. दोन्ही पाइनांच्या सालीवर आमच्या दोरीचे वळ पडलेत. आमची मुलगी मिरेई लंगोटात होती तेव्हापासूनचे. आता मिरेईचा नवरा माझी धुलाईची आठही दुकानं चालवतो आणि मलाच सांगतो, फोन करू नका. असो. जिस्लेननं तळहातानं दोरी दाबून बघितली, चिमट्यांची पिशवी अडकवली आणि बघत उभी राहिली. रिकाम्या दोरीत बघण्यासारखं काय असतं?

मग गोल्फची गाडी आली. जुना मालक गेताँ गेल्या हिवाळ्यात थकला आणि त्यानं कॅम्प शहरातल्या कुठल्याशा कंपनीला विकला, हे माहीत होतं. कंपनीनं पाठवलेला मॅनेजर आज पाहिला. लुदोविक नाव. तिशी-पस्तिशीचा, कमरेला वॉकीटॉकी, आणि तोंडावर ते हसू, जे शिकवणीला जाऊन मिळतं.

"मोस्यु बेलावांस! मादाम! स्वागत आहे. नवे नियम वाचलेत ना?"

वाचले नव्हते. त्यानं वाचून दाखवले. जागेवर कपडे वाळत घालायचे नाहीत. दोरीवर फक्त टॉवेल आणि पोहायचे कपडे चालतील. बाकीच्या कपड्यांसाठी धुलाईची नवी शेड बांधली आहे, पैसे फोनवरून भरायचे. तीन नोटिसा झाल्या की पुढच्या वर्षी जागा दुसऱ्याला.

"का रे बाबा?"

"परिसराचं सौंदर्य, मोस्यु. लोक इथे निसर्ग बघायला येतात."

"आणि माझी विजार काय निसर्गाच्या बाहेरची आहे?"

"कंपनीचं धोरण आहे."

त्याला म्हटलं, "पोरा, तू जन्मायच्या आधीपासून मी मशीनं विकत घेतोय. चौदाव्या वर्षी हॉटेलच्या चादरी पाठीवर वाहिल्या, नन लोकांनी भंगारात काढलेलं एक मशीन दुरुस्त केलं आणि त्यावर धंदा उभा केला. ड्रायरची बाजू घेऊन बोलणारा माणूस या प्रांतात शोधायचा झाला तर तो मी. आणि तोच मी तुला सांगतो, सुट्टीत कपडे दोरीवर वाळतात."

हसू तसंच ठेवून तो गेला. जिस्लेननं आतून विचारलं, "काय म्हणतोय?" सांगितलं.

"दोरी सोडायची नाही," ती म्हणाली.

"सोडतंय कोण!"

आवाजाला धार होती. फेब्रुवारीनंतर आज पहिल्यांदा ऐकली. मला एकदम बरं वाटलं. भांडण असावं तर असं, बायको आपल्या बाजूला असलेलं.

फेब्रुवारीचं इथे एकदाच लिहितो आणि विषय संपवतो. जिस्लेनचं ऑपरेशन झालं. डावा स्तन काढला. डॉक्टर म्हणाले, सगळं निघालं, आता बाई ठणठणीत. झालं ते झालं.

रविवार, २० जुलै

पहिली धुलाई. जगात माझं सगळ्यात आवडतं मशीन कुठलं विचाराल तर झाकणाची बादली. कपडे, गरम पाणी, चिमूटभर साबण, झाकण ठोकून घट्ट, बादली पिकअपच्या मागे बांधायची आणि पाव आणायला गावात जायचं. कॅम्पपासून गावापर्यंत खडीचा रस्ता असा खडबडीत आहे की जाताना मळ सुटतो आणि येताना साबण. सरकारनं तो रस्ता कधी गुळगुळीत करू नये अशी माझी मेणबत्ती चर्चमध्ये लावून ठेवलेली आहे.

पाव आला, शर्ट आले. शेजारचा फेर्नां (बेचाळीस नंबर, शहर बसचा रिटायर्ड ड्रायव्हर, अजूनही वळताना हात बाहेर काढतो) कुंपणावरून म्हणाला, "काय शेठ, आठ दुकानांचा मालक आणि बादली?"

"आचारी कधी स्वतःच्या हॉटेलात जेवतो का रे?"

सगळं दोरीवर टाकलं. शर्ट, विजारी, मोजे, फेर्नांचाही एक सदरा, कारण त्याची बायको युगेत शेडमध्ये रांगेत उभी राहून कंटाळली होती.

जिस्लेननं आपले चार कपडे वेगळे धुतले, आत, छोट्या टबात. म्हटलं दे, बादलीत टाकतो. "तू तुझं बघ." आंघोळीला गेलो तर पडद्यामागच्या खुंटीवर दवाखान्यातून मिळालेली ती ब्रा टांगलेली, आत कप्पा असलेली, ज्यात ते मऊ पॅड बसतं. ओलीगच्च. त्या कोंदट खोपट्यात ती दोन दिवस वाळायची नाही, वर वास धरेल. हे धुलाईवाल्यानं नाही सांगायचं तर कुणी सांगायचं? म्हणालो, "बाहेर टाक की, वारा चांगला आहे." म्हणालो, "नाहीतर शेडमधल्या ड्रायरवर हलक्या आचेला—" तिनं अशी काही नजर टाकली की मी साबणासकट बाहेर आलो.

दुपारी एकदा ती दोरीपाशी आली. एप्रनखाली काहीतरी धरलं होतं. उभी राहिली, मग परत आत गेली. काय विसरली कोण जाणे.

युगेतनं धक्क्यावरून हाक मारली, "जिस्लेन, येतेस ना गं? पाणी मस्त आहे!" बायकोच्या आधी मीच ओरडून सांगितलं, "तिला थंडी बाधते सध्या!" एरवी हीच बाई रोज सकाळी कॉफीच्या आधी तळ्यातल्या बेटापर्यंत पोहून यायची, आणि आम्ही बाकीचे ब्लँकेटात. पण यंदा अशक्त आहे, पाण्याकडे फिरकलीसुद्धा नाही. मीच उत्तर दिलं ते बरं झालं. बायका उगाच आग्रह करतात.

संध्याकाळी लुदोविक आला. शर्टांकडे बघून मान हलवली, कागद फाडून दिला. पहिली नोटीस.

"फोटो निघतात, मोस्यु. वेबसाइटसाठी. मागे तुमच्या विजारी येतात."

"मग फुकटात जाहिरात झाली. माझ्या मापाचा माणूस इथे सुखी आहे हे लोकांना कळेल."

सोमवार, २१ जुलै

पाऊस. कपडे आत. पत्त्यांत हरलो.

मंगळवार, २२ जुलै

शत्रूचा किल्ला पाहून यावा म्हणून शेडमध्ये गेलो. दारातच ऐकू आलं, तीन नंबरच्या ड्रायरचं बेअरिंग कामातून चाललंय. कुणाला सांगितलं नाही, स्वतःच्या तोंडानं ओरडू दे.

बाकी न्यायानं लिहायचं तर शेड चांगली बांधली आहे. मधोमध लांबलचक टेबल, घड्या सगळ्यांनी तिथेच घालायच्या. माझ्या दुकानांत मी असंच टेबल मुद्दाम ठेवत आलो. बायका समोरासमोर उभ्या राहतात, कोण काय घालतं ते एकमेकींना दिसतं, तोंडं सुरू होतात आणि गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात गप्पांसाठी परत येतं. आजही चालूच होतं. युगेत आणि एक अनोळखी बाई चादर ताणत होत्या आणि मी मागे आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

"नॉर्मांची बायको यंदा दिसत नाही पाण्यात?"

"हळू बोल. ऑपरेशन झालंय तिचं. इथलं." युगेतनं बोटानं दाखवलं असणार, कारण दुसरी 'आई गं' म्हणाली.

"मग आता ती ... म्हणजे आत काय घालते?"

"मला काय माहीत? दोरीवर तर काही दिसलं नाही."

माझे कान फार तिखट आहेत, हा माझा धंद्यातला गुण आणि घरातला दोष. खोकलो. दोघी चादरीच्या घडीला लागल्या. मनात म्हटलं, गप्पांना काय, वाहून जातात.

परत येऊन जिस्लेनला सांगितलं, "मशीनं टुकार, पण टेबल ऐसपैस आहे. सगळ्याजणी असतात तिथे."

"म्हणूनच," ती म्हणाली.

"म्हणूनच काय?"

"म्हणूनच मी तिथे पाय ठेवणार नाही."

फेर्नांला जाऊन सांगितलं, बघ, याला म्हणतात तत्त्वाची बाई.

कालचे ओले कपडे पुन्हा दोरीवर घातले, भर दुपारी, सगळ्या कॅम्पच्या नाकासमोर. मुद्दाम लाल मोजे मध्यभागी. दुसरी नोटीस आली. या वेळी लुदोविक हसला नाही. "मोस्यु बेलावांस, मला तुमच्याशी भांडायचं नाही. पण तिसरी दिली की माझ्या हातात काही उरत नाही. तळ्याकाठच्या जागेसाठी माझ्याकडे हातभर यादी आहे."

तो गेल्यावर जिस्लेन पायरीवर बसली. "ही जागा गेली तर कॅरव्हॅन विकून टाक. मी दुसरीकडे कुठेही जाणार नाही. नव्या लोकांत नाही."

एवढं सरळ ती बऱ्याच महिन्यांत बोलली नव्हती. खरं लिहायचं तर संध्याकाळभर विचार करतोय की मी हे दोरीसाठी भांडतोय की भांडायला मजा येते म्हणून. माझ्या अकडीपायी तिची जागा गेली तर? दोरी सोडतो म्हणालो.

"सोडून बघ," ती म्हणाली.

मला या बाईचं काही कळत नाही. दोरीवर स्वतःचा एक रुमाल टाकत नाही, आणि सोडूही देत नाही.

बुधवार, २३ जुलै

डोकं लढवलं. जागा कंपनीची, तळं काही कंपनीचं नाही. नावेच्या मधोमध वल्हं उभं बांधलं, वल्ह्यापासून टोकापर्यंत दोरी, दोरीवर शर्ट, आणि नाव वल्हवत नेऊन काठापासून हाकेच्या अंतरावर नांगर टाकला. देखणं दिसत होतं. धक्क्यावर माणसं जमली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी टोपी काढून मुजरा केला.

लुदोविक धावत आला. "मोस्यु! हे चालणार नाही!"

"चालत नाहीये, नांगरलंय!"

पुढे काय झालं याला फेर्नां जबाबदार आहे. तो आपली मोटारबोट घेऊन अभिनंदनाला आला, आणि बसचा ड्रायव्हर असल्यामुळे अगदी लगटून थांबला. लाट आली, वल्हं कलंडलं, दोरी, शर्ट, विजारी, टोपी आणि मी, सगळे एकदम पाण्यात.

वर आलो तेव्हा पहिला आवाज ऐकू आला तो जिस्लेनच्या हसण्याचा. काठावर उभी राहून हसत होती, एक हात पोटावर, दुसरा छातीशी धरलेला. तो हात तिनं फेब्रुवारीपासून तसाच धरलाय. पण हसत होती! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते ऐकायला मी आणखी दहा वेळा बुडालो असतो.

कपडे गोळा करून काठावर आणले. ती म्हणाली, "टाक दोरीवर."

"तिसरी नोटीस घेऊ?"

"कसली नोटीस? शर्ट तळ्यात पोहून आला की नाही? विजार पोहून आली? मग पोहायचेच कपडे झाले ते." हे तिनं लुदोविककडे बघून म्हटलं, अगदी गरीब चेहऱ्यानं.

लुदोविकनं खिशातला नियमांचा कागद काढला, वाचला, पुन्हा वाचला. "मादाम, नावेतून पडलेले कपडे पोहायचे होत नाहीत."

"मग कुठले होतात?"

"अंगात घालून माणूस पोहायला उतरतो ते."

"म्हणजे यांच्या अंगात आहेत ते चालतील?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या अंगात चर्चला जायची विजार होती आणि पट्टा. "ते ... हो. ते चालतील."

"नक्की ना? उद्या बदलणार नाही ना?"

"शब्द दिला, मादाम." पोरगं घाईत होतं. शुक्रवारी कॅम्पवाल्यांचा नाताळ (खरा डिसेंबरात बर्फाखाली जातो, म्हणून इथे जुलैत दुसरा), त्याची तयारी त्याच्या डोक्यावर.

जेवताना मला एकदम जबरदस्त कल्पना सुचली. जिस्लेनला म्हटलं, "ऐक. उद्यापासून आपण अंगावरच्या कपड्यांनिशीच तळ्यात उतरायचं! शर्ट, विजार, सगळं! मग वाळत घाल खुशाल!"

"अय्या," ती म्हणाली. "काय डोकं आहे तुझं."

गुरुवार, २४ जुलै

सकाळी कोट घालून पोहलो. लग्नाकार्यात घालायचा तो नाही, दुसरा. फेर्नां पायजम्यात उतरला. दोघांचं सगळं दोरीवर गेलं. लुदोविक गाडीतून दोनदा गेला, दोनदा थांबला, एकदाही उतरला नाही. शब्दाचा पक्का दिसतो. माणूस वाईट नाही, चाकरी वाईट.

फेर्नांला म्हटलं, दोघांनी भागणार नाही, सगळ्यांनी उतरलं पाहिजे. पण लोकांना तयार कोण करणार? सुट्टीतला माणूस म्हणजे जड गोणी. उद्या नाताळच्या जेवणाच्या वेळी उभं राहून भाषण करीन म्हणतो. मुद्दे मांडून ठेवलेत.

जिस्लेन सकाळीच युगेतकडे मैदा मागायला गेली, उद्याच्या तुर्तिएरसाठी, म्हणजे खिमा भरलेल्या पायसाठी. (खिम्याच्या सारणात लवंग जास्त घालते, पण बोलायची सोय नाही.) मैदा मागायला किती वेळ लागतो? जेवायची वेळ झाली तरी पत्ता नाही. बघतो तर बावन्न नंबरच्या दारात उभी. मग साठ नंबर. मग त्या टोकाला, जिथे ती कुणालाही ओळखत नाही. परत आली तेव्हा भांडं रिकामंच.

"अख्ख्या कॅम्पात मैदा नाही?"

"अं? नाही मिळाला."

आणि फडताळातली मैद्याची पिशवी काढून पीठ मळायला बसली. वय झालं, दुसरं काय. शीळ मात्र घालत होती.

शुक्रवार, २५ जुलै

कॅम्पवाल्यांचा नाताळ. पाइनांना चंदेरी झिरमिळ्या, कॅरव्हॅनवर दिवे, अर्ध्या चड्डीत नाताळची गाणी, कपाळावर घाम. दरवर्षी गेताँ सांताक्लॉज होऊन पायडलच्या बोटीतून तळ्यावरून यायचा आणि पोरांना भेटी वाटायचा. यंदा ते लुदोविकच्या गळ्यात पडलं. भाड्याचा लाल सूट, पांढरी झालर, दाढी, उशी बांधलेलं पोट. बेटामागून बोट निघाली तेव्हा सगळा कॅम्प काठावर होता.

मी बाकावर चढलो, भाषणाचा कागद काढला. "मित्रहो!" एवढंच म्हणालो. युगेतनं जिस्लेनकडे पाहिलं, जिस्लेननं मान डोलावली आणि युगेत सरळ पाण्यात चालत गेली. फुलाफुलांचा झगा, गळ्यात मोत्यांची माळ. मागोमाग फेर्नां, बस कंपनीच्या जुन्या गणवेशात, टोपीसकट. मग बावन्न नंबर, मग साठ, मग ती टोकाची अनोळखी मंडळी. कोणी गाऊनमध्ये, कोणी रेनकोटात, एक म्हातारी फरच्या कॉलरचा कोट घालून. माझं भाषण न ऐकताच! नुसत्या पहिल्या शब्दावर! माझ्या बोलण्यात वजन आहे हे मला ठाऊक होतं, पण इतकं?

वळून बघतो तर जिस्लेन धक्क्याच्या टोकावर. माझा चौकड्यांचा फ्लॅनेलचा शर्ट घातलेला, गळ्यापर्यंत बटणं लावलेली.

"तू कुठे? तू काठावर बस. थंडी बाधेल."

"नॉर्मां," ती म्हणाली, "मला थंडी बाधत नाही. कधीच बाधली नव्हती. ते तू सांगत फिरतोस."

आणि तिनं छातीवरचा हात काढला, दोन्ही हात डोक्यावर जोडले आणि सूर मारला.

मी बाकावरच राहिलो. पाण्यात सगळा गोंधळ होता, आणि भिजल्यावर सगळी माणसं सारखीच दिसत होती, पोत्यात भरलेल्या बटाट्यांसारखी. कापड कुठे चिकटलंय, कुठे फुगलंय. कोण कसं आहे, कुणाचं काय कमी-जास्त आहे, काही कळायची सोय नव्हती. त्या बटाट्यांतून एक चौकड्यांचा शर्ट बाहेर निघाला आणि बेटाच्या दिशेनं पोहू लागला. डावा हात जरा आखूड पडत होता. पण पडत होता. बेटापाशी ती उभी राहिली, केस पिळले आणि वळली. जिस्लेनचं पोहणं मला आवाजावरून ओळखता येतं, पाणी फाटत नाही, उघडतं. तोच आवाज होता.

इकडे लुदोविक बोटीत उभा राहिला. "मोस्यु बेलावांस! हे काय चाललंय? मोस्यु—"

पायडलच्या बोटीत उभं राहू नये. बोट हलली, दाढी डोळ्यांवर चढली, आणि सांताक्लॉज उशीसकट तळ्यात. पोरांच्या आनंदाला सीमा नव्हती. भेटी तरंगत होत्या, त्या त्यांनी पोहत जाऊन लुटल्या. असा नाताळ गेताँच्या काळातही झाला नव्हता.

काठावर आला तेव्हा सुटातून बादल्यांनी पाणी गळत होतं. "सोमवारी परत करायचाय," तो कुणाला न उद्देशून म्हणाला. मग शेडकडे निघाला.

"थांब रे," म्हटलं. "कॉलर बघू." आत शिवलेली धुलाईच्या सूचनांची चिंधी वाचली. मशीन नको, आच नको. असल्या सुटांनी माझे ड्रायर किती वेळा रंगवून ठेवलेत! "तिथे टाकलास तर लाल सूट गुलाबी होईल आणि तुझ्या पुतण्याला बसेल. हा वाऱ्यावर वाळतो. दुसरा उपाय नाही."

त्यानं शेडकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. दोरीकडे पाहिलं. सगळा कॅम्प गळत-निथळत उभा होता.

जिस्लेन पाण्यातून वर येत होती. ओठ निळे, गाल लाल. "काय रे बाळा," ती त्याला म्हणाली, "अंगात घालूनच पोहलास ना? मग झालं तर. ये, जागा करते."

माझे मोजे तिनं बाजूला सरकवले. लाल कोट, लाल विजार, झालर, दाढीसुद्धा, चारी चिमट्यांनी. फेर्नांनं त्याला आपली चड्डी दिली. ज्या दोरीवर स्वतःचा सूट वाळतोय तिला नोटीस कशी देणार बिचारा? मला ते सुनवायचं होतं, तोंड उघडलंही होतं.

पण तेवढ्यात जिस्लेन आत गेली आणि बाहेर आली. हातात ती होती, खुंटीवरची. एप्रनखाली नव्हे, हातात. पोहतानाही अंगात तीच होती, हे मला तेव्हा कळलं, कारण ती निथळत होती. सगळ्यांसमोर तिनं ती झटकली, जशी ती गेली चाळीस वर्षं उशीचे अभ्रे झटकत आली आहे, आणि दोरीच्या मधोमध लावली, जिथे ऊन आणि वारा दोन्ही लागतात. कप्पा उलटा करून, आत हवा जाईल असा. धुलाईवाल्याच्या बायकोला हे सांगावं लागत नाही.

मग युगेत पुढे झाली. आपला ओला पोट आवळायचा पट्टा, तो भला थोरला, आत कडक काड्या शिवलेला, तिनं शेजारी टांगला. म्हणाली, "सरक गं जरा. मलाही ऊन लागतं." मग टोकाची ती अनोळखी बाई आली, जिनं शेडमध्ये 'आई गं' म्हटलं होतं. तिनं काहीतरी लावलं, मी पाहिलं नाही. मी पिशवीतून चिमटे काढून देत होतो. पिशवी रिकामी होईपर्यंत देत होतो.

भाषण राहिलंच.

रविवार, २७ जुलै

कोरडी हवा, पश्चिमेचा वारा. तीन नंबरचा ड्रायर बंद पडला असं ऐकतो.

लुदोविक सूट न्यायला आला. खडखडीत वाळला होता, पाइनचा वास येत होता. पुढच्या वर्षीचा एकेचाळीसचा कागद त्यानं सहीला आणला होता. माझ्या हातात दिला नाही, जिस्लेनला दिला. नियमाचं काय, विचारलं. म्हणाला, वर कळवलंय की या तळ्यावरचे लोक फार पोहतात.

आज एकूण सगळीकडे दोऱ्या दिसतात. आमच्या दोरीवर जागा उरली नाही, युगेतनं तिच्याकडून आमच्या पाइनपर्यंत दुसरी ताणली. विचारलंही नाही.

जिस्लेन सकाळी कॉफीच्या आधी बेटापर्यंत जाऊन आली. मी धक्क्यावर टॉवेल घेऊन उभा होतो. युगेतनं विचारलं, "थंडी बाधत नाही का रे तिला?" मी म्हटलं, "तिलाच विचार."

एकच तक्रार आहे. चौकड्यांचा शर्ट मला परत मिळेल असं वाटत नाही. मागितला तर म्हणाली, "तो पोहायचा आहे."